खळखळ वाजतं म्हणजे वाळलं का?

मिरची वाळली की नाही, हे माझी आई कानाने ठरवायची. मूठभर मिरच्या हातात घेऊन हलवायच्या. आतलं बी खळखळ वाजलं की माल डंकावर न्यायला हरकत नाही. कांदा-लसूण मसाल्याचा तिचा छोटा उद्योग या कानाच्या भरवशावर बरीच वर्षं चालला आणि चांगला चालला. मग एका वर्षी वळवाच्या सरी लवकर आल्या. माल घाईने उरकला आणि ऑगस्टमध्ये दुकानांतून पाकिटं परत यायला लागली. मसाल्याच्या गाठी झाल्या होत्या. काही पाकिटांत पांढरट-हिरवी बुरशी दिसत होती. मिरची वाजली होतीच, पण कांद्याला, खोबऱ्याला आणि लसणाला वाजणारं बी नसतं.

तो सगळा माल आम्ही खड्डा खणून पुरला. गुरांच्या आंबोणात घालू, निदान फुकट तरी जाणार नाही, असं घरात बोललं गेलं. मी अन्नतंत्रज्ञान शिकलेला असल्यामुळे त्याला ठाम नकार दिला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष शास्त्रज्ञांना सापडलं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन १०० हून अधिक माणसं दगावली. हे विष शिजवल्याने किंवा भाजल्याने पूर्ण जात नाही. वरची बुरशी झटकून टाकली तरी विष आत उरतं. म्हणून पहिली सूचना सगळ्यात आधी देतो: बुरशी लागलेला माल उन्हात परत वाळवून विकू नका, घरी खाऊ नका आणि जनावरांनाही घालू नका.

हा लेख मसाले, पापड, लोणची, चिवडा, वेफर असं काही करून विकणाऱ्या घरगुती उद्योजकांसाठी आणि बचत गटांसाठी आहे. अन्नशास्त्र, कामाची रचना आणि संगणक या तिन्ही क्षेत्रांत गेल्या काही वर्षांत बरंच उपयोगी संशोधन झालं. त्यातलं पत्र्याच्या शेडमध्ये, दोन गॅस शेगड्या आणि एका सीलिंग मशीनच्या संसारात काय वापरता येईल, ते मी सांगणार आहे. कानाचा अंदाज टाकून द्या, असं माझं म्हणणं नाही. त्या अंदाजाला एक आकडा जोडायला शिका, एवढंच मागणं आहे.

मोकळं पाणी

पदार्थात पाणी किती आहे हे कळलं, तरी तो टिकेल की नाही हे कळत नाही. मधात शेकडा १७-१८ भाग पाणी असतं, तरी मध वर्षानुवर्षं टिकतो. शेंगदाण्यात दहा टक्के पाणी राहिलं तर पोत्यात बुरशी धरते. मधातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं आणि ते बुरशीच्या वाट्याला येत नाही. विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५३ च्या सुमारास हे नीट मांडलं. सूक्ष्मजंतूंची वाढ पदार्थातल्या मोकळ्या पाण्यावर ठरते. या मोकळेपणाच्या मापाला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचं माप १, अगदी कोरड्याचं ०. मापाच्या खुणा अशा: ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणू थांबतात, ०.८० च्या खाली बहुतेक बुरश्या थांबतात आणि ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. चिवडा, चकली, पापड यांचा कुरकुरीतपणा त्याच्याही आधी, ०.४ ते ०.५ च्या आसपास जातो. म्हणजे सादळलेला चिवडा अजून कुजत नसतो, पण गिऱ्हाईक मात्र गेलेलं असतं.

हे माप घेणारं प्रयोगशाळेतलं यंत्र महाग असतं. पण त्यामागचं तत्त्व साधं आहे, त्यामुळे ते घरी वापरता येतं. बंद बरणीत पदार्थ ठेवला की बरणीतली हवा पदार्थाइतकीच ओलसर होते. पदार्थाचं माप ०.६५ असेल, तर बरणीतल्या हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांवर येऊन थांबते. म्हणून काही शे रुपयांत मिळणारा, हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी एवढ्यावर काम भागतं. पदार्थ पूर्ण निवू द्या. बरणी दोन-तृतीयांश भरा, वर मीटर ठेवा, झाकण लावा आणि रात्रभर सावलीत, शेगडीपासून लांब ठेवा. सकाळी बरणी न उघडता आकडा वाचा.

त्याआधी मीटरचीच परीक्षा घ्यायला हवी, कारण स्वस्त मीटर चार-पाच अंकांनी सहज चुकतात. रिकाम्या बरणीत बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्या. त्यात पाण्याचे थोडेच थेंब टाका. मीठ विरघळू देऊ नका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. शेजारी मीटर ठेवून झाकण लावा. रात्रभरानंतर मीटरने ७५ दाखवलं पाहिजे, कारण ओलं मीठ बंद जागेतल्या हवेला नेहमी ७५ च्या आसपासच आणून ठेवतं. मीटरने ७९ दाखवलं, तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ४ वजा करा आणि ते मीटरच्या पाठीवर कागद चिकटवून लिहून ठेवा. ही परीक्षा दर महिन्याला घ्या.

मसाल्यासाठी आम्ही ६० ची रेघ धरली आहे. ६२ आलं, तर पाकीट भरायचं नाही. मीटरची चूक, पाकिटातून झिरपणारी दमट हवा आणि दुकानदाराची ओल आलेली भिंत या सगळ्यांना थोडी जागा ठेवायची असते, म्हणून काठावरचा आकडा चालवून घेऊ नका.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मायकेल रीड आणि जिम थॉम्पसन या संशोधकांनी हेच तत्त्व एका छोट्या कार्डात बसवलं. त्याचं नाव ड्रायकार्ड. कार्डावरच्या पट्टीचा रंग बदलतो आणि वाळवलेला माल साठवण्याजोगा झाला की नाही, ते अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळतं. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून ते बनवलं होतं. याहूनही साधी युक्ती मका साठवणारे वापरतात: काचेच्या कोरड्या बाटलीत मका आणि चमचाभर कोरडं बारीक मीठ घालून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं, तर दाणा ओला आहे. त्यामागेही तीच पंचाहत्तरची रेघ आहे.

आमच्या घरी बरणी आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोष सापडला. मिरची चांगली वाळलेली होती. तळलेला कांदा गरम असताना कुरकुरीत लागायचा, पण निवल्यावर त्याची बरणी ७० च्या पुढे जायची. तो मसाल्यात मिसळला की त्याची ओल सगळ्या मसाल्यात वाटली जायची. आता कांदा उन्हात वाळवून मग मंद आचेवर तळतो, कागदावर पसरून निववतो आणि त्याची वेगळी बरणी लावतो. दुसरा दोष वेळेचा होता. डंकावरून आलेला मसाला गरम असतो. तो तसाच पाकिटात भरला, तर आतली वाफ पाकिटाच्या भिंतीवर पाणी होऊन बसते. निववायला ठेवला आणि दिवस जुलैचा असला, तर वेगळीच अडचण: बाहेरच्या हवेची आर्द्रता ८० च्या पुढे असते आणि उघड्या परातीतला पंचावन्नचा मसाला ऐंशीकडेच सरकणार. म्हणून पावसाळ्यात मसाला झाकणाच्या डब्यातच निववायचा आणि निवल्याबरोबर लगेच भरायचा. पातळ पॉलिथिनच्या पिशव्याही आम्ही सोडल्या. त्यातून ओल हळूहळू आत येतेच. लॅमिनेट केलेलं पाकीट महाग पडतं, पण परत आलेल्या एका खोक्याच्या किमतीत अशी बरीच पाकिटं येतात.

वाळवण उघड्यावर घालत असाल, तर सौर वाळवणी यंत्राचा विचार करा. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेली एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी अशी यंत्रं बनवते, ती ग्रामीण भागातल्या बायकांच्या हाती देते आणि वाळवलेला माल विकत घेते. २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार तिला मिळाला. वर काच किंवा प्लास्टिक असलेल्या यंत्रात धूळ, माशा, कबुतरं लागत नाहीत आणि संध्याकाळी गच्चीवरून चादरी गोळा करायची धावपळ वाचते. यंत्र घेण्याआधी मात्र विकणाऱ्याकडे तुमचाच माल, तुमच्याच गावी, दमट दिवशी वाळवून दाखवायची मागणी करा आणि बरणी बरोबर न्या.

तेलाखालचा लसूण

लोणची आणि तेलातल्या चटण्या करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. वर तेलाचा थर असला की बुरशी धरत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते खरंही आहे, कारण बुरशीला हवा लागते. पण बोट्युलिझम ही विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूला हवा नकोच असते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये तेलात ठेवलेला चिरलेला लसूण एका उपाहारगृहात खाल्लेले ३६ जण या जिवाणूच्या विषाने आजारी पडले. तेलाने हवा बंद केली होती, लसणात आंबटपणा नव्हता आणि बरणी थंड ठेवलेली नव्हती. या विषाला वास नसतो, चव नसते.

जिवाणूला रोखणारी रेघ आंबटपणाची आहे: पीएच ४.६ च्या खाली तो वाढत नाही. कैरीचं, लिंबाचं लोणचं स्वभावतःच त्याच्या बरंच खाली असतं. लसूण, आलं, हिरवी मिरची, भाज्या यांचं लोणचं किंवा तेलातला ओला ठेचा विकत असाल, तर त्यात लिंबूरस किंवा व्हिनेगर इतका हवा, की वाटून केलेल्या नमुन्याचा पीएच ४ च्या आसपास किंवा खाली येईल. पीएचच्या कागदी पट्ट्या कळण्यापुरत्या ठीक आहेत. तिखटाच्या लाल रंगात मात्र त्या फसवतात. नवीन पाककृती बाजारात आणण्याआधी एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय, तुमच्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था इथे विचारणा करायला संकोच करू नका. या संस्था त्यासाठीच आहेत.

तळणाबद्दल थोडक्यात. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. या रसायनाला कर्करोगाचं संभाव्य कारण मानलं जातं. बटाट्यातली साखर जितकी जास्त, तितका वेफर लवकर काळपट होतो आणि हे रसायनही वाढतं. शीतगृहातल्या थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होत जाते. म्हणून प्रत्येक पोत्यातले दोन-तीन बटाटे कापून आधी तळून बघा. काप पटकन तपकिरी झाला, तर ते पोतं वेफरसाठी नाही. दोन-तीन आठवडे साध्या हवेत ठेवून परत बघा, साखर बऱ्यापैकी उतरते. काप पाण्यात भिजवा आणि तेल १७५ अंशांच्या वर नेऊ नका. कढईसाठी थर्मामीटर घ्याच. तेलाच्या बाबतीत, त्यातले खराब झालेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा भारतात २०१८ पासून नियम आहे. हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी पट्ट्या मिळतात. त्या परवडत नसतील, तर एका तेलात किती घाणे काढले ते लिहून ठेवा आणि जुन्या तेलात नवीन तेल ओतत राहायची सवय मोडा.

तारापूरच्या गिरण्यांचा अनुभव

आता शेडमधल्या कामाबद्दल. या विषयावरचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं संशोधन परदेशातल्या झगमगीत कार्यालयांतलं नाही. ते झालं आपल्या तारापूरला आणि शेजारच्या उंबरगावला, कापडाच्या गिरण्यांमध्ये. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. काही कारखान्यांत सल्लागार पाठवून रोजच्या कामातल्या ३८ पद्धती शिकवल्या, काहींना मुद्दाम नुसती पाहणी करून सोडलं. कुणाला काय मिळणार, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना खरी व्हावी. पद्धतींत फार मोठं काही नव्हतं: दोष कुठे आणि का आला ते रोज लिहा, यंत्र किती वेळ आणि कशामुळे बंद होतं ते नोंदवा, सुताचा साठा मोजा, जमीन स्वच्छ ठेवा, देखभाल वेळेवर करा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मालकांनी आधीच हे का केलं नव्हतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अनेकांचं उत्तर होतं, की आमचा माल शेजारच्यापेक्षा वाईट नाही आणि धंदा नफ्यात आहे. दोष कधी मोजलेच नव्हते, तर ते जास्त आहेत हे कळणार कसं? आईचंही पाकिटं परत येईपर्यंत हेच म्हणणं होतं.

१७ टक्के हा आकडा मात्र तुमच्या पापडाला लावू नका. तो कापडाच्या गिरण्यांचा आहे. कुठल्याही संशोधनाची बातमी वाचताना हीच सवय ठेवा: प्रयोग कुणावर झाला, कुठे झाला, किती जणांवर झाला आणि तुलना कशाशी केली. ‘अमुक टक्क्यांपर्यंत वाढ’ असं लिहिलेलं असेल, तर त्या ‘पर्यंत’वर बोट ठेवा. यंत्र विकणाऱ्याने संशोधनाचा दाखला दिला, तर हे प्रश्न त्यालाही विचारा. तारापूरहून घ्यायची ती नोंदीची रीत.

तुमच्यासाठी तीन रकाने पुरेत: वाया काय गेलं, थांबलं काय आणि शिल्लक काय. भिंतीवर मोठा कागद लावा. रोज संध्याकाळी हात धुवून झाल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी त्यापुढे उभं राहायचं. ‘आज ११ पाकिटं सीलमधून गळली’ असं लिहायचं आणि बाजूला वेळ लिहायची. आमच्याकडे या वेळेनेच उलगडा केला. गळणारी पाकिटं जवळजवळ सगळी संध्याकाळची असायची, कारण संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि सीलिंगची पट्टी पुरेशी तापत नाही. सील करणारी बाई निष्काळजी आहे, असं त्याआधी आम्ही समजत होतो आणि तिला बोललोही होतो. याचं मला आजही वाईट वाटतं. पाकिटं आता दुपारी सील होतात. दर तासाला एक पाकीट बादलीतल्या पाण्यात दाबून धरलं जातं. बुडबुडा आला, की काम थांबतं. थांबवायचा अधिकार सगळ्यांना आहे. टोयोटाच्या कारखान्यात कुणीही कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो, म्हणून चूक पुढच्या टेबलावर जात नाही. बचत गटात हे रुजवायला जरा वेळ लागतो, कारण धाकट्या बाईला थोरलीच्या हातचा घाणा थांबवायचा धीर होत नाही. अध्यक्षांनी पहिल्यांदा स्वतःचाच घाणा थांबवून दाखवावा.

संशोधक २०१७ मध्ये तारापूरच्या गिरण्यांत परत गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास सुटून गेल्या होत्या. एक मोठं कारण म्हणजे व्यवस्थापक बदलले होते. यावरून एवढं नक्की करा: नोंदीसाठी एकीचं नाव ठेवू नका, दोघींची ठेवा आणि दर तीन महिन्यांनी त्यातली एक बदला. माहेरपण, बाळंतपण, लग्नसराई यांत कागद रिकामा राहता कामा नये.

कामाच्या उंचीकडेही लक्ष द्या. पोळपाट, वजनकाटा, सीलिंग मशीन यांची उंची कोपरापेक्षा किंचित खाली असावी. पाट-चौरंगाखाली लाकडाचे ठोकळे घालून ते साधता येतं. दिवसभर जमिनीवर वाकून लाटणाऱ्या बाईचा तिसऱ्या तासाचा पापड पहिल्या तासासारखा होत नाही आणि तिची कंबर कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

फोन, तक्ता आणि उत्तरं देणारी यंत्रं

भिंतीवरचा कागद आठवड्याला फोनवरच्या किंवा संगणकावरच्या तक्त्यात उतरवला, की महिन्याची बेरीज क्षणात होते. पण तक्ता चुकत नाही, या समजुतीपासून सावध राहा. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या कोरोनाच्या जवळपास १६ हजार रुग्णांची नोंद गळली. माहिती ज्या जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये उतरवली जात होती, त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळीच बसत नव्हत्या. त्याच वर्षी मानवी जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने काही नावं बदलली, कारण ‘मार्च १’, ‘सप्टेंबर १’ यांसारख्या दिसणाऱ्या नावांची एक्सेल परस्पर तारीख करून टाकत होतं. तुमच्या बॅच नंबरचंही हेच होईल. ‘५-३’ लिहिलंत, तर ५ मार्च होईल किंवा ३ मे. म्हणून बॅच नंबरची सुरुवात अक्षराने करा, मसाल्यासाठी म, चिवड्यासाठी च. त्या रकान्याचा प्रकार आधीच ‘मजकूर’ करून ठेवा. देवनागरी अंक वापरायचे असतील, तर आधी दोन आकड्यांची बेरीज होते का ते पाहा. महिन्यातून एकदा एका रकान्याची बेरीज हातानेही करा. मूळ कागद वर्षभर फेकू नका.

प्रश्नाला गोड भाषेत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत. त्यांच्याबद्दलचे दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पहिला एका मोठ्या कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कामाचा. त्यातल्या ज्यांना असं साधन मिळालं, त्यांच्या तासाला सुटणाऱ्या तक्रारी सुमारे १४-१५ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला, मुरलेल्यांना फारसा नाही. दुसरा अभ्यास २०२५ चा. १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीची २४६ कामं दिली, काही साधनासह, काही साधनाशिवाय. साधनासह त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर मात्र ते सांगत होते, की आपण २० टक्के लवकर आटोपलं. साधनं सुधारत आहेत, त्यामुळे हा वेळेचा आकडा पुढे बदलेल. पण स्वतःच्या कामात मुरलेल्या माणसालाही आपला वेग नुसत्या जाणिवेने कळत नाही, हे मला आईच्या मिरचीइतकंच ओळखीचं वाटलं. घड्याळ लावल्याशिवाय ‘यामुळे काम भराभर होतं’ असं म्हणू नका.

ही साधनं पत्राचा मसुदा, व्यापाऱ्याला इंग्रजीत मेल, नोंदवहीचा नमुना, प्रदर्शनातल्या फलकाचा मजकूर यांसाठी खुशाल वापरा आणि बाहेर पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. संरक्षकाचं प्रमाण, लोणच्याचा आंबटपणा, पदार्थ किती महिने टिकेल, लेबलवर कायद्याने काय हवं, हे त्यांना विचारून ठरवू नका. ती चुकीचा आकडाही तितक्याच विश्वासाने देतात. प्रमाणांसाठी एफएसएसएआयचे नियम मुळातूनच बघा, टिकाऊपणासाठी आपल्याच मालाची परीक्षा घ्या.

आपली परीक्षा आपण

मिरचीचा व्यापारी बदलला, बेडगीचं प्रमाण कमी केलं, शेंगदाणा तेलाऐवजी दुसरं घेतलं. गिऱ्हाइकाला फरक कळेल का? ‘चव बघ गं, बरी आहे ना?’ असं विचारलं, तर बरी आहे, हेच उत्तर येतं. यासाठी अन्न उद्योगात त्रिकोण चाचणी वापरतात. तीन सारख्या वाट्या घ्या. दोन वाट्यांत जुना माल, एकीत नवा, किंवा उलट. खाली खूण करा आणि वाट्यांची जागा प्रत्येकासाठी बदला. चाखणाऱ्याला एवढंच विचारायचं, की यातली वेगळी कोणती? नुसत्या नशिबानेही तिघांतला एक बरोबर सांगेल. म्हणून १२ जणांना द्या. ८ किंवा जास्त जणांनी वेगळी वाटी बरोबर ओळखली, तर फरक खरा आहे असं धरा आणि मगच कोणतं आवडलं ते विचारा. सहा-सात जणांनी ओळखली, तर निर्णय घाईने घेऊ नका, आणखी बारा जण बोलवा. चाखणारे घरातले नकोत. मसाला नुसता न देता त्याच्या आमटीत द्या, कारण गिऱ्हाईक आमटीच खातं. दोन वाट्यांच्या मध्ये पाण्याचा घोट आणि भाताचा घास द्या.

टिकाऊपणासाठी प्रत्येक बॅचमधली सहा पाकिटं विकू नका. तीन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा, तीन घरातल्या सगळ्यात दमट भिंतीजवळ. दुकानातही नेहमी चांगली जागा मिळत नाही. पाकिटावर बॅच, तारीख आणि भरतानाचा बरणीचा आकडा लिहा. दोन, चार आणि सहा महिन्यांनी दोन्ही जागचं एकेक पाकीट फोडा, बरणीत घालून आकडा घ्या, वास घ्या, आमटी करून बघा. दमट भिंतीजवळचं पाकीट चौथ्या महिन्यात ६५ च्या पुढे गेलं, तर लेबलवरचे सहा महिने खोडायचे आणि पाकिटाचा कागद बदलायचा.

आई आजही आधी मिरची कानाशी नेऊन हलवते. जी वाजत नाही, ती बरणीपर्यंत येतच नाही. जी वाजते, तिच्यातली मूठभर रात्री बरणीत जाते. गेल्या जूनमधल्या पाकिटांवर तिने स्वतःच्या अक्षरात ५४ लिहिलं होतं. दमट भिंतीजवळचं शेवटचं पाकीट आम्ही डिसेंबरात फोडलं. रात्रभराने मीटरने ५९ दाखवलं. मीटरच्या पाठीवरचे ४ तिने स्वतः वजा केले.